चोराला वन्समोअर

"माज्या हातात माईक येऊ दे, सगळं सांगून टाकतो," महिपतीमामा म्हणाले. "नाटक माज्या भाचीचं हाय म्हणावं. त्या सुहासनं चोरलंय."

"मामा, गप बसा. पडदा उघडतोय," रजनी म्हणाली.

तळेगावच्या नाट्यगृहात संगीत नाटकांच्या स्पर्धेची शेवटची फेरी होती. जिंकेल ते नाटक मुंबईला जाणार. फलकावर लेखक सुहास, संगीत सुहास, मुख्य भूमिका सुहास. रजनी शाळेत गाणं शिकवायची. नाटक तिचं, चाली तिच्या, तालमी तिच्या घरी. आणि एके दिवशी हा सुहास म्हणाला, "तुमचं नाव कोण ओळखतं, बाई?" भाकरी थापताना बांधलेल्या चालीला पुरावा कुठून आणायचा?

"मग आलीस कशाला?" मामांनी विचारलं.

"ऐकायला."

गोष्ट साधी होती. नावाडी इंद्रायणीत बुडतो. त्याचा दोस्त त्याच्या बायकोला आधार देतो. तिलाही तो आवडायला लागतो. आणि एक दिवस तो नकळत एक पद अखेरपर्यंत गुणगुणतो. ते फक्त तिच्या नवऱ्याला येत असे, तेही अर्धंच; उरलेलं त्यानं बुडाला त्या दिवशी नावेत जुळवलेलं. म्हणजे दोस्त त्या दिवशी नावेत होता; खून तिथं उघडा पडतो. पद काढलं की गोष्ट आडवी. एकही कडवं जास्तीचं नव्हतं. स्पर्धेच्या वेळेत बसावं म्हणून रजनीनं स्वतःच्या हातानं कडवी छाटली होती. जीव तुटला होता तिचा.

दोस्ताच्या वेषात सुहासनं पहिलं पद संपवलं. गळा गोड होता मेल्याचा.

रजनी ताडकन उभी राहिली. "वन्समोअर!"

"आगं, येड लागलं का? चोराला वन्समोअर?"

"गाणं माझं आहे ना, मामा? मग तुम्हीही द्या. सगळ्यांना द्यायला सांगा."

आपल्या इंदुरी गावाहून मामांनी टेम्पो भरून माणसं आणली होती ती भांडायला. घसे तयारच होते. नाट्यगृह दणाणलं.

सुहासनं आधी हात जोडून नको नको केलं. आरडाओरडा वाढला. मग त्यानं छाती फुगवली. वन्समोअर नाकारणारा गवई अजून जन्माला यायचाय. पद पुन्हा झालं, वर चार ताना फुकट. विंगेत कुणीतरी जोरजोरात हात हलवत होतं. तिकडं बघायला त्याला सवड कुठली?

मध्यंतरात तो घाम पुसत रजनीपाशी आला.

"राग गेला म्हणायचा, बाई."

"छान रंगतंय. घाई करू नकोस. मोकळ्या गळ्यानं गा."

"मुंबईला या. पहिल्या रांगेत बसवतो."

"बसव की."

पुढच्या अंकातही तेच. इंदुरीची माणसं आता मनापासून ओरडत होती. शेवटच्या पदाला मामांनी डोळे पुसले. "लय मोठं मन तुजं, रजे. मी आसतो तर नरडं धरलं आसतं."

रजनी ओठांतल्या ओठांत तेच पद म्हणत होती.

निकालाला परीक्षक इरावतीबाई उभ्या राहिल्या.

"कथा, पात्रं आणि पदं इतकी एकजीव आम्ही या स्पर्धेत ऐकली नव्हती. एक पद उचला, सगळं नाटक कोसळेल. लिहिणाऱ्या हाताला माझा नमस्कार."

सुहास शाल सावरत निघालासुद्धा. मामांनी दातओठ खाल्ले.

"पण पडदा ठरल्या वेळेत पडला नाही," इरावतीबाई म्हणाल्या. "नियमानं हे नाटक बाद."

सुहास होता तिथंच थांबला. मामांचा चेहरा पडला.

"आरं द्येवा! आपुन वरडलो म्हनून झालं गं हे. तुजंच नाटक बुडवलं आपुन."

रजनीनं पर्स खांद्याला लावली.

"नाटक किती वन्समोअर सोसेल, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक असतं, मामा."