चारशे अकरा आणि एक

"आकडा परत वाच," अप्पा म्हणाले.

कारकुनाने कागद पुन्हा उचलला. "आपल्या गल्लीचं मतदान केंद्र. शिडी चारशे अकरा. बादली एक."

शिडी ही अप्पांची निशाणी, बादली विरोधकाची. वॉर्डात शिडी तीन हजारांनी निवडून आली होती आणि बाहेर रस्त्यावर घोषणा चालल्या होत्या. आत कार्यालयात मात्र चाळीस माणसं असून कोणी खोकत नव्हतं.

अप्पा स्वतः कधी काही वाचत नसत. चष्मा लावलेला नगरसेवक म्हातारा दिसतो, असं त्यांचं ठाम मत. चष्मा खिशात असे आणि वाचायला कारकून.

"कोणाचं मत ते?" अप्पांनी विचारलं. आवाज अगदी मऊ होता.

एवढ्या दुधात मिठाचा खडा कोणी टाकला, याचं उत्तर कोण देणार? गेल्या निवडणुकीत याच केंद्रातून तीन मतं फुटली होती. एकाचं दुकान महिन्याभरात जमीनदोस्त झालं. दुसरा बायकापोरांसकट शहर सोडून गेला. तिसऱ्याबद्दल कोणी बोलत नाही.

फोटोवाला दाराशी उभा होता. काखेत कागदात गुंडाळलेली फ्रेम होती. ती द्यायची आणि काढता पाय घ्यायचा, एवढंच त्याने ठरवलं होतं. पण अप्पांची नजर त्याच्यावर गेली.

"आण इकडे. बघू तरी."

त्याने कागद सोडला. परवाचा फोटो. अप्पा मतदान केंद्रात उभे, चेहऱ्यावर पोस्टरवरचं हसू, हातातली शिक्का मारलेली मतपत्रिका पोटापाशी कॅमेऱ्यापुढे धरलेली. मतपत्रिका अशी दाखवायची नसते, पण केंद्रावरच्या साहेबांना नेमकं त्याच वेळी खिडकीबाहेर काहीतरी दिसलं होतं.

फ्रेममध्ये मात्र मतपत्रिका नव्हती. काचेखालची पांढरी पट्टी खालच्या बाजूने चांगली चार बोटं रुंद होती. फोटो मनगटापाशी संपत होता.

"माझा हात कुठे गेला?"

"चेहरा उठून दिसावा म्हणून पट्टी रुंद घेतली, अप्पा."

"चेहरा लोक वीस वर्षं बघताहेत. मत कसं द्यायचं ते बघू दे."

"भिंतीवर लावल्यावर अशीच शोभेल. माझा एवढा शब्द ऐका," फोटोवाला म्हणाला.

अप्पांनी हात झटकला. फ्रेम खुर्चीमागे टांगली गेली. फोटोवाल्याने सुटकेचा निःश्वास टाकला आणि तो दाराकडे वळला, तोच दोघांनी त्याच्या दाजीला आत आणलं.

दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. कोपऱ्यावर इस्त्रीची टपरी. आईवडील गेल्यावर ताईने धाकट्या भावाला वाढवलं, शिकवलं, पहिला कॅमेरा घेऊन दिला, ते सगळं त्या टपरीवर. दाजी मनाचा सोन्यासारखा, पण जिभेला हाड नाही.

"काय रे इस्त्रीवाल्या, टपरी कोणाच्या मेहेरबानीने उभी आहे?"

"तुमच्या, अप्पा."

"आणि गेल्या महिन्यात भर चौकात गटारावरून कोण बोंबलत होतं?"

"मीच. गटार तुंबलं होतं. पण मत शिडीलाच दिलं."

"सगळे तेच म्हणतात. चारशे बारा जण शिडी म्हणतात आणि पेटीतून बादली निघते. तिला काय पाय फुटले?"

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"पोरींची शपथ, अप्पा."

"शपथ घरी घे. मी शिक्का मारला तसा प्रत्येकाने मारला असता, तर आज हे विचारायची वेळ आली असती का?" अप्पा कारकुनाकडे वळले. "चार वाजता पालिकेची गाडी बोलव. टपरी उचला. ह्यालाही गाडीत बसू दे. पुढचं आपली मुलं बघतील."

दोघांनी दाजीचे दंड धरले. त्याने मेव्हण्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो काही बोलला नाही.

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन झाले होते. फोटोवाल्याला ताईचा हात आठवला, कोळशाच्या ठिणग्यांनी ठिकठिकाणी पोळलेला. मग काल दुपारी फोटोची मोठी प्रत काढताना हातात धरलेलं भिंग आठवलं. त्याला भीती वाटली. तरीही तो पुढे झाला.

"अप्पा, तुमचंच खरं होतं. ती पट्टी वाईट दिसते. काढून देतो."

"आता?"

"दोन मिनिटांचं काम. सगळे आहेत इथे, बघू दे त्यांना."

अप्पा खूष झाले. "बघा, शहाणा माणूस! या रे सगळे पुढे."

फोटोवाल्याने फ्रेम टेबलावर पालथी घातली. खिळे वाकवले, पुठ्ठा काढला, पांढरी पट्टी उचलून बाजूला ठेवली. मग फोटो सुलटा करून अप्पांच्या पुढ्यात सरकवला. चाळीस माणसं टेबलाभोवती वाकली.

"दिसतोय का शिक्का?" अप्पांनी अभिमानाने विचारलं.

दाजीला धरलेल्या दोघांचे हात आपोआप सैल झाले.

"अरे, वाच ना," अप्पा कारकुनाला म्हणाले.

कारकून आपल्या चपलांकडे बघत राहिला.

अप्पांनी खिशातून चष्मा काढला आणि चारचौघांत पहिल्यांदाच डोळ्यांवर चढवला. मतपत्रिकेवर शिडीपुढची जागा कोरी होती. शिक्का बादलीवर होता.