पुठ्ठ्यामागचा फासा

मिथुनने उभ्या केलेल्या पुठ्ठ्यामागे फासा टाकला, वाकून पाहिला आणि माइकजवळ येत म्हणाला, "चुकलं! गिधाडाची चोच कातळावर आपटली. झिपरी परत वाचली."

शिवकन्याने टाळी वाजवली. बबलूने सुस्कारा सोडला. झिपरी जिची होती ती सत्यशीला मात्र पुठ्ठ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "बबलू, रेकॉर्डिंग बंद कर."

जुन्या जालन्यातल्या, बबलूच्या वडिलांच्या कापड दुकानाचा हा वरचा मजला. रविवारी दुकान बंद असे, आणि चारी बाजूंच्या ताग्यांमुळे आवाज घुमत नसे. इथे बसून चौघं एक गोष्ट खेळत आणि 'पडेल ते दान' या नावाने तिचा पॉडकास्ट करत. मिथुन गोष्ट सांगायचा आणि सगळ्या संकटांच्या वतीने फासे टाकायचा. बाकीच्या तिघांनी एकेक पात्र घेतलं होतं. शिवकन्याचा शिपाई, बबलूचा चोर आणि सत्यशीलाची झिपरी, झाडपाला जाणणारी म्हातारी. काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. जमलं की फसलं ते फासा सांगायचा.

"मिथुन, कधीपासून करून राह्यला तू हे?" सत्यशीलाने विचारलं.

"काय?"

"दिवाळीपासून झिपरीला कोणाचा वारच लागत न्हाई. साप चुकला, दरड चुकली, आता गिधाड चुकलं."

"नशीब आहे तिचं."

"दहावीला संभाव्यता शिकवते मी. एवढं नशीब कोणाचंच नसतं."

मिथुन पुठ्ठ्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. सत्यशीलाने बाकी दोघांकडे पाहिलं. बबलू एक वायर सोडवायला लागला. ती गुंतलेली नव्हती.

"म्हणजे तुम्हाला पण माहीत होतं."

"मंग काय करणार होतो?" शिवकन्या एकदम म्हणाली. "हरिओम होता ना आपल्यात, त्याचा तलवारबाज मेला. त्यानंतर हरिओम आला का एकदा तरी? आणि तो तर इथंच दोन गल्ल्या सोडून राहतो. तू शाळेची नोकरी लागल्यापासून धावड्याहून येते, भोकरदनला गाडी बदलून. झिपरी मेली तर तू कशाला येशील?"

सत्यशीलाने ओढणीने कपाळ पुसलं. पंख्याचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून तो बंद होता.

"मी आज सांगायलाच आल्ते," ती म्हणाली. "पुढच्या रविवारपासून मी येणार न्हाई."

मिथुनने मान वर केली.

"गाडीत सगळ्या रस्त्याने विचार करते मी. औषध आत्ताच वापरू का ठेवू, पुलावरून जाऊ का पाण्यातून. आणि इथं येऊन काहीही केलं तरी झिपरी वाचणारच. मी खेळून राह्यलेच न्हाई रे. पाहुणी करून बसवलं तुम्ही मला."

मग मिथुनने पुठ्ठा घडी करून ताग्यांमागे सारला. चहाचे कप खाली उतरवले आणि त्यांच्याखालचं स्टीलचं ताट चौघांच्या मधोमध ठेवलं.

"गिधाड चुकलं नव्हतं," तो म्हणाला.

"ते कळलं मला. आता परत टाक. सगळ्यांसमोर."

बबलूने रेकॉर्डिंग सुरू केलं. मिथुनने घसा साफ केला. कड्याच्या टोकाशी झिपरी उभी आहे. खाली, तिच्या हातातल्या दोराला, चोर लोंबकळतोय. गिधाड वळून पुन्हा येतंय. झिपरी काय करणार?

"दोर सोड आणि आडवी हो," शिवकन्या कुजबुजली.

"दोर सोडला तर मी मेलो ना!" बबलू म्हणाला.

"दोन्ही हातांनी दोर धरते," सत्यशीला म्हणाली. "चोर वर येईपर्यंत."

"म्हणजे तुला हलता येणार न्हाई," मिथुन सावकाश म्हणाला. "दहाच्या वर काहीही पडलं तर..."

"टाक."

वीस बाजूंचा फासा ताटात खणखणला, कडेला लागून फिरला आणि थांबला. सतरा.

मिथुन आकड्याकडे बघत राहिला. पुढचं वाक्य त्यानेच बोलायचं होतं आणि ते त्याच्या तोंडून निघेना.

"सांग की," सत्यशीला म्हणाली.

त्याने सांगितलं. चोच कुठे लागली ते सांगितलं. चोराचा हात कड्यावर टेकला, तेव्हाच म्हातारीची मूठ सुटली, हेही सांगितलं. बबलूने डोळे पुसले आणि घाम आल्यासारखं दाखवलं. सत्यशीला शेवटपर्यंत ऐकत होती. मग तिने मोठा श्वास सोडला आणि भिंतीला टेकून बसली.

"दिवाळीपासून पहिल्यांदा छातीत धडधडलं," ती म्हणाली. "कागद दे एक."

"कशाला?" बबलूने विचारलं.

"नवीन माणूस करते. या वेळी भित्री. जरा कुठं खुट्ट झालं की पळणारी."

"मंग माझा दोर कोण धरणार?"

"तुझं तू बघ."

नव्या पात्राची ताकदही फाशांवरच ठरे. तिने सहा बाजूंचे तीन फासे ताटात टाकले. तिन्हींवर एक.

"तीन!" बबलू ओरडला. "हिला भाजीची पिशवी तरी उचलता येते का?"

"पाहिजे तर परत टा..." मिथुन बोलून गेला. तिघांनी त्याच्याकडे पाहिलं. "न्हाई, न्हाई. तीन म्हणजे तीन. बिलकुल तीन."

शिवकन्या हसून ताग्यावर आडवी झाली. सत्यशीलाने कागदावर ठळक तीन लिहिला. मग पेन हातात तसंच धरून विचारलं, "पुढच्या रविवारी ही तुम्हाला कुठं भेटते?"

मिथुनने पुढचं काही ठरवलेलंच नव्हतं. तो माइककडे झुकला.

"बाजारात," तो म्हणाला. "कुठंतरी दडून बसलेली असेल. आम्ही शोधून काढू तिला."