दोन पत्ते

लातूरचा नवा जिल्हा झाला, त्यानंतरच्या दुष्काळात रेणापूरच्या व्यंकटी शिंप्याकडं कुणी कपडे टाकीना. रिकामपणी तो पत्त्यांची जादू शिकू लागला. वरचे दोन पत्ते असे उचलायचे, की बघणाऱ्याला एकच वाटावा. बायको पारूबाई समोर बसून रोज सांगायची, "दोन दिसायलेत."

शेवटी जमलं. टँकरच्या रांगेत नंबरावरून भांडण पेटलं होतं, तिथं त्यानं ऐटीत खेळ मांडला. पण सगळ्यांच्या नजरा वळल्या, तशी बोटं घामेजली आणि दुसरा पत्ता सटकून रांगेतल्या सरजाबाईच्या घागरीत पडला. अख्खी रांग पोट धरून हसली. भांडणाऱ्या दोघी हसता हसता एकमेकींच्या खांद्यावर रेलल्या. व्यंकटी मात्र मान खाली घालून घरी आला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो पुन्हा पत्ते घेऊन बसला. पारूबाई बराच वेळ बघत राहिली.

"अहो, आज तर पत्ता सारखाच पडायलाय."

"पडत न्हाई, पाडायलोय," व्यंकटी म्हणाला. "चुकून पडला असं लोकांला वाटलं पाहिजे. हे लई अवघड हाय."