पाच धोंड्यांचा ठराव

ठराव अपूर्वनेच लिहिला होता, म्हणून एलाने वाचायलाही त्यालाच सांगितलं. रस्त्याच्या तोंडाशी ठेवलेले पाच धोंडे काढून टाकावेत. एवढंच. वाचून झाल्यावर त्याने कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

होड्या ठेवायच्या जुन्या शेडमध्ये कमिटीचे सात जण बसले होते. एला अध्यक्ष, निवृत्त शिक्षिका. केंटच्या किनाऱ्यावरच्या या टोकाला सगळे डेझर्टच म्हणतात. वाळू नाही, नुसते गोटे. झाड नाही, कुंपण नाही. लाकडी घरं तीस-बत्तीस, वाऱ्याकडे पाठ करून बसलेली. गोट्यांतच सी-केल हे कोबीसारखं झुडूप उगवतं आणि गोट्यांतच सुरय पक्षी अंडी घालतात. गाडीचं चाक एकदा वरून गेलं, की तो ओरखडा वर्षानुवर्षं बुजत नाही.

गाड्या अडवायला धोंडे ठेवायची कल्पनाही दोन वर्षांपूर्वी अपूर्वचीच. तो मेडनहेडच्या एका कंपनीचं काम घरून करायचा, बायको आसावरीबरोबर इथे नवाच आला होता. शेवटच्या घरातल्या, मराठी ज्यू असलेल्या गर्शोनकाकांनी तेव्हा भर मीटिंगमध्ये त्याची फिरकी घेतली. पुण्यात दुपारची दुकानं बंद असतात, या पुणेकराने तर रस्ताच बंद केला, म्हणाले. मग पहिला हात त्यांनीच वर केला. धोंडे आले की त्यांनाच आपली गाडी लांब ठेवून घरापर्यंत चालावं लागणार होतं, तरी.

त्या उन्हाळ्यात सुरयांची चार घरटी झाली. यंदा अकरा. काका खिडकीतून दुर्बिणीने मोजायचे आणि आकडा अपूर्वला फोनवर सांगायचे, नात झाल्यासारखा. एप्रिल-मेमध्ये दोनदा हॉस्पिटलात जाऊन आले, तेव्हाही पहिली चौकशी पक्ष्यांची. तिथे समुद्र ऐकू येत नाही, एवढीच त्यांची तक्रार.

जूनमधल्या एका सकाळी अँब्युलन्स धोंड्यांपाशी येऊन थांबली. अपूर्वने खिडकीतून पाहिलं आणि धावला. अँब्युलन्समधले दोघं पिशव्या घेऊन गोट्यांवरून निघाले होते. इथे पाऊल टाकलं की रुततं. जुनी माणसं पायाला फळ्या बांधून चालायची. या दोघांच्या पायांत नुसते बूट. अपूर्वने एक पिशवी खांद्यावर घेतली. काकांच्या दारापर्यंत सतरा मिनिटं लागली.

काकांच्या पत्नी मिरियममावशी पलंगाशी त्यांचा हात हातात घेऊन बसल्या होत्या. ते दोघं आत गेले, अपूर्व बाहेरच्या खोलीत थांबला. भिंतीवरच्या आरशावर पांढरी चादर टाकलेली होती. घशाला कोरड पडली म्हणून तो स्वयंपाकघरात गेला, तर जग, पातेलं, किटली, सगळं रिकामं, पालथं घातलेलं. दुखण्याचं घर, कोण पाणी भरून ठेवणार, असं त्याला वाटलं. थोड्या वेळाने दोघांतला एक बाहेर आला. अपूर्वच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, आपण कितीही पळत आलो असतो तरी फरक पडला नसता. अशा वेळी असंच बोलायची त्यांना सवय असणार.

धोंडे नसते तर अँब्युलन्स दारापर्यंत गेली असती, हे तेव्हापासून अपूर्वच्या डोक्यातून जाईना. धोंडे निघाले की घर विकायचं आणि वेम्बलीला आसावरीच्या भावाकडे जायचं, असं त्याने ठरवून टाकलं. आसावरीने हे कोणाला सांगितलं असेल, तर फक्त मिरियममावशींना.

ठरावाच्या बाजूने कोण, असं एलाने विचारलं. हात वर यायच्या आतच कोपऱ्यातून मावशी बोलल्या. त्यांचा विरोध होता.

शेडमधले सगळे त्यांच्याकडे वळले. ठराव मावशींच्यासाठीच तर होता. धोंडे निघाले, की गाड्या पुन्हा आत येणार, पुढच्या वर्षी घरटी नसणार, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं आणि तरीही सगळे हात वर करायला तयार होते. एला गोंधळली. शेवटी म्हणाली, आधी चहा घेऊ.

अपूर्व बाहेर जाऊन गोट्यांवर उभा राहिला. मागोमाग मावशी आल्या, एकेक पाऊल रुतवत.

"घर विकतोयस म्हणे."

"आसावरी बोलली?"

"ती बोलते. तूच बोलत नाहीस. दीड महिना माझं दार नाही वाजवलंस."

"कुठल्या तोंडाने येऊ, मावशी?"

"आहे त्याच. दुसरं कुठून आणणार?"

त्याला हसू आलं नाही. मला माफ करू नका, असं तो पायाखाली बघत म्हणाला. तुम्ही ओरडला असतात, दोन शिव्या घातल्या असत्या, तर बरं वाटलं असतं. तुम्ही विरोध केलात तर मी एकेक धोंडा हाताने ढकलीन.

"अकरा घरट्यांचं काय?"

"पक्ष्यांसाठी माणूस गेला, मावशी." त्याने शेवटच्या घराकडे बोट केलं. "दाराकडे बघत पडले असतील ना हो काका. आत्ता येतील, आत्ता येतील म्हणत. सतरा मिनिटं."

लाट येत होती, गोटे घेऊन मागे सरत होती, पुन्हा येत होती. वर एक सुरय चोचीत चांदीसारखा मासा धरून घिरट्या घालत होता, खाली कोणीतरी त्याला चिवचिव हाक मारत होतं. मावशींनी अपूर्वचा हात धरला. त्यांच्या मनगटात आता बांगडी नव्हती.

"पुन्हा हॉस्पिटल नको, आणि हे कोणाला सांगायचं नाही, असं ठरलं होतं आमचं."

"काय?"

"त्यांनी कोणाची वाट नाही पाहिली रे," मावशी म्हणाल्या. "ते सातला गेले. आमच्यात करतात तसा आरसा झाकला, घरातलं पाणी ओतून टाकलं. मी फोन केला दहाला."