वाऱ्यावर दिलेली उचल

“सांगितलं तर कोणाचा विश्वास बसायचा नाही, जावईबापू,” काळुराम दलाल म्हणाला, “पण आत्ता पायरी उतरून गेला ना, त्या माणसानं चक्क वारा तारण ठेवून पैसे उचलले होते!”

दौलतरावांचा जावई आनंद हसला. ठाण्याच्या कचेरीत त्यानं तारणाचे नाना प्रकार पाहिले होते. वारा मात्र नव्हता पाहिला.

दौलतराव हसले नाहीत. ते पेढीच्या दारातून बाहेर बघत होते. छत्री काखेत मारून, मान खाली घालून त्र्यंबक कल्याण स्टेशनच्या वाटेला लागला होता. एका बाकावर बसून दोघं शिकले होते. आज त्र्यंबकानं जुन्या उचलीचा शेवटचा हप्ता दिला आणि चाचरत विचारलं, “यंदा गवताची एक गंजी घालीन म्हणतो. पुन्हा उचल देशील? नाहीतर डोंबिवलीची खोली सोडतो, कोकणात भावाकडे जातो. कायमचाच.”

“पैसे फिटले, त्र्यंबक,” दौलतराव म्हणाले होते. “पत फिटत नाही.”

त्र्यंबक उठला. दर हप्त्याला म्हणायचा तेच म्हणाला, “गंजी भरलेली होती रे, दौलत.” आणि गेला.

“पण गवतावर उचल कशाला लागते?” आनंदनं विचारलं.

“या धंद्यात नफा आहे, पण पैसा मोकळा नाही,” दौलतराव म्हणाले. “दसरा-दिवाळीला गवत कापायचं, कापणाऱ्यांना मजुरी रोख. मुंबईचे तबेलेवाले ते उचलणार उन्हाळ्यात, पैसे देणार त्याच्याही पुढं. तोवर सगळं भांडवल गंजीत अडकलेलं. मग गंजी तारण ठेवायची, माझ्याकडून उचल न्यायची आणि संसार चालवायचा.”

“आणि गंजी तपासून यायचं काम या पामराचं!” काळुरामनं मांडी ठोकली. “बांबू खुपसून बघायचा. माझा बांबू सात हातांचा. या पठ्ठ्यानं पोकळी ठेवली आठव्या हातापासून! आत बांबूंचा मांडव, बाहेरून गवताचं पांघरूण. वऱ्हाडाची पंगत बसली असती आत. शेजारच्या कोंबड्या आत जाऊन अंडी घालायच्या. मला वाटायचं, हल्ली गंजी कॉक-कॉक करते कशी?”

आनंद पोट धरून हसला. काळुरामला तेवढंच हवं होतं. बाजारात ही गोष्ट त्यानं शंभरदा सांगितली होती, पण जावयासारखा ताजा श्रोता रोज थोडाच मिळतो?

“मग कळलं कसं?”

“आग लागली ना! बिंग फुटायची वेळ आली, तेव्हा काडी कोणी लावली असेल ते काय सांगायला हवं? मी तिथंच उभा. हातात विडी. विडी संपते न संपते तोच गंजी गायब! भस्सकन! भरलेली गंजी अशी जळते होय? तडक मी दौलतरावांना येऊन सांगितलं, आत नुसता वारा होता.”

दौलतरावांनी मान हलवली. ते ऐकलं त्या दिवसापासून रागानं महिनाभर ते त्या बाजूला फिरकलेसुद्धा नव्हते. पुढं बाजारात कोणीच त्र्यंबकाला पैसा दाखवला नाही. उचलीविना गवत नाही, गवताविना धंदा नाही. नऊ वर्षं तो लाकडाच्या वखारीत मोजणीला उभा राहिला आणि पगारातून हप्ते देत राहिला. मन खातंय म्हणून देतो, असं दौलतराव समजत. कधी कधी वाटे, त्यानं पैसे बुडवले असते तर बरं झालं असतं. रागवायला तरी सोपं गेलं असतं.

आतून सगळं ऐकत विमलाबाई चहा घेऊन आल्या. काळुरामला आणखी चेव चढला.

“जावईबापू, यात तुमच्या मंडळींचाही हात आहे बरं! शुभदा तेव्हा एवढीशी. आगीनंतर चौथ्या दिवशी गल्लीतली पोरं त्या जागेवर गेली नि धगधगत्या राखेत रताळी पुरून भाजली. अशी खरपूस! शुभदानं परकराच्या ओच्यात घालून घरी आणली होती. खोटं वाटत असेल तर वहिनींना विचारा.”

“हो, आणली होती,” विमलाबाई म्हणाल्या. “ओचा जळला म्हणून मी तिला धपाटाही घातला होता. अजून धूर निघतोय तिथं, असं पोरं सांगत होती.”

“बघा!” काळुराम विजयी मुद्रेनं म्हणाला आणि कपाकडे हात नेला.

विमलाबाईंनी कप दिला नाही. त्या तशाच उभ्या राहिल्या.

“काळुरामभाऊ, विडीएवढ्या वेळात भस्सकन जळून गेलेली गंजी चौथ्या दिवशी धुमसत कशी होती हो?”

काळुराम हसायला गेला. हसू अर्ध्यावरच राहिलं.

दौलतरावांनी रस्त्याकडे पाहिलं. वळणापर्यंत रस्ता रिकामा होता.

“आणि ती विडी,” विमलाबाई म्हणाल्या, “तुम्ही पेटवलीत कुठं?”