दानम्माचा सेन्सर

"परत निघाला," बसप्पा फोनवर म्हणाले. "चौकटीला दंड घासला तिचा."

पुण्याच्या शाळेत, वर्गाबाहेरच्या जिन्यात उभ्या असलेल्या ईश्वरीने डोळे मिटून घेतले. धर्मापुरीहून असा फोन यायची तिला आता सवय झाली होती.

तिच्या आईच्या, दानम्माच्या, दंडावर साखर मोजणारा छोटासा गोल सेन्सर चिकटवलेला असे. त्याचा आकडा आधी वडिलांच्या, म्हणजे बसप्पांच्या फोनवर आणि तिथून ईश्वरीच्या फोनवर येई. साखर फार खाली गेली की दोन्ही फोन वाजत. दानम्माची स्मृती गेल्यापासून तेवढाच भरवसा उरला होता. भूक लागली, चक्कर येतेय, हात थरथरतायत, यातलं काहीच तिला सांगता येत नसे.

"चौकटीला कसा घासला, आप्पा? तुम्ही जवळ नव्हता?"

"व्हतो की."

"मागच्या वेळी अंघोळीत निघाला. त्याच्या आधी तिनं नखानं उपसला."

"आलो, आलो," बसप्पा तिकडे कुणाला तरी म्हणाले. मागून कुणीतरी चहापत्ती मागत होतं. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं किराणा दुकान होतं. गिऱ्हाईक आणि दानम्मा, दोन्हींकडं त्यांना एकट्यालाच बघावं लागे.

त्या शनिवारी ईश्वरी स्वतः गावी आली. तिने नवा सेन्सर लावला, भोवती पट्ट्या चिकटवल्या आणि कसा लावायचा ते आप्पांना पुन्हा एकदा दाखवलं. दानम्मा सारखी दंडाकडे बघत होती.

"ह्ये काय चिकटलंय मला?" तिने विचारलं आणि नख लावलं.

बसप्पांनी तिचा हात धरला. तिने दुसरा लावला. त्यांनी तोही धरला, तशी ती रडायला लागली. अनोळखी माणसाकडे बघावं तशी नवऱ्याकडे बघत म्हणाली, "सोडा हो मला. घरी जाऊ द्या."

बसप्पांनी लगेच दोन्ही हात सोडले.

"आप्पा, असं सोडून कसं चालेल?"

"हात बांधून ठेवा म्हनत्यात लोक. मला न्हाई जमायचं त्ये."

निघताना ईश्वरी उंबऱ्यात थांबली. हे बोलायचं तिने वाटेतच ठरवलं होतं.

"आता निघाला तर मी आईला घेऊन जाणार. पुण्यात अशा माणसांना सांभाळणारी जागा आहे. सारखी नर्स असते."

"तितं मला ऱ्हाता यिल का?"

"नाही, आप्पा. फक्त भेटता येतं."

बसप्पा आत वळले. दुकानात जाऊन ते शेंगदाण्याच्या पुड्या बांधत बसले.

त्यानंतर मात्र सेन्सर टिकला. बसप्पांनी धुळाजी शिंप्याकडून मऊ सुती बाही शिवून घेतली. तिचे बंद पाठीमागे होते, दानम्माचा हात पोचणार नाही असे. व्हिडिओवर त्यांनी ती बाही दाखवली.

"आतला दाखवा ना."

"उघडलं की वडती ती. राहू दे झाकलेला."

मुदत संपली की ते स्वतःच नवा लावू लागले. आकडे येत राहिले आणि ते चांगले होते. सकाळी शंभरच्या आसपास, जेवणानंतर थोडे वर, मग परत खाली. डॉक्टरांनी फोनवरचा आलेख बघून मान हलवली.

"वडिलांनी छान सांभाळलंय. इन्सुलिन आहे तेवढंच चालू ठेवा."

ईश्वरीला बऱ्याच महिन्यांनी शांत झोप लागायला लागली. तिने एकदा आप्पांना फोन करून सांगितलं, "मी त्या दिवशी फार बोलले तुम्हाला."

"असू दे." मग त्यांनी विचारलं, "म्हंजी तिला आता न्यायचं न्हाई ना?"

"नाही, आप्पा. तुमच्याजवळच राहू दे तिला."

मार्गशीर्षातल्या एका सकाळी ती शाळेत निघाली होती, तेव्हा शेजारच्या विमलबाईंचा फोन आला.

"ईश्वरी, बाई, लगोलग निघून यी. तुजी आई गेली."

"कुठं गेली?" ईश्वरीने विचारलं. विमलबाई नुसत्याच रडत राहिल्या.

ईश्वरीने फोनमध्ये बघितलं. एकशे सात.

गाडी करून ती निघाली. माणूस गेल्यावरही यंत्र थोडा वेळ चालत असेल, असं तिने स्वतःला समजावलं. बीड मागे पडल्यावर तिने पुन्हा पाहिलं. अठ्ठ्याण्णव. मग तिने फोन पर्समध्ये टाकला आणि काचेतून बाहेर बघत राहिली.

दानम्माला त्यांच्या समाजाच्या रीतीप्रमाणे भिंतीला टेकवून बसवलं होतं. अंगावर नवं लुगडं, खांद्यावरून शाल, कपाळावर भस्माचे पट्टे. ईश्वरी तिच्यापुढे बसली आणि तिचा गार हात हातात घेऊन रडली. मग उठून आप्पांकडे गेली. ते दुकानाच्या बंद फळ्यांना पाठ लावून उभे होते. अंगात लांब बाह्यांचा सदरा होता.

"काय झालं, आप्पा?"

"रातच्याला दोन घास खाल्ले तिनं. बाकीचं ताटात ठिवलं. मी सुई दिली रोजच्यावानी." त्यांनी सदऱ्याची बाही खाली ओढली. "सकाळी उठवाया गेलतो."

"साखर उतरली असणार तिची. मग फोन का वाजला नाही?"

बसप्पा वळून आत जाऊ लागले. ईश्वरी त्यांच्यामागे गेली. थांबवायला तिने त्यांचा दंड घट्ट धरला. सदऱ्याच्या बाहीखाली काहीतरी गोल, टणक तिच्या तळव्याला लागलं.

"हळू," बसप्पा म्हणाले. "निघंल त्यो."