हसण्याच्या नोंदी

“चौदा,” वहिनी म्हणाली आणि तिनं वहीत आणखी एक रेघ ओढली.

“तो खोकला होता,” दीर म्हणाला.

“खोकून झाल्यावर कोणी टेबल बडवत नाही, भावजी.”

दोघं खेळांच्या दुकानामागच्या बोळात, बंद दाराबाहेर दोन स्टुलांवर बसली होती. आत सहा अनोळखी माणसं त्यांचा खेळ खेळत होती. खेळणारे कोण ते बनवणाऱ्यांना कळता कामा नये, बनवणारे कोण ते खेळणाऱ्यांना. आत डोकवायचं नाही, आणि खेळ संपायच्या आधी बोळातूनच निघून जायचं, ही दुकानवालीची अट. ओळख झाली की माणसं गोड बोलतात, असं तिचं म्हणणं. आज त्याच सहा जणांची चौथी आणि शेवटची चाचणी होती.

खेळ गमतीचा होता. पाच बिनकामाचे वीर ड्रॅगन मारायला निघतात. जादूगाराचा मंत्र नेहमी एक पाळी उशिरा लागू होतो, चोराला ऐन चोरीत उचकी लागते, सरदाराचा घोडा फक्त सासूचं ऐकतो. सहावा गोष्ट सांगतो, बाकीचे आपापला वीर होऊन बोलतात. फासे असतात, पण नावापुरते. सगळी मजा बोलण्यात. विनोद दिराचे, नियम वहिनीचे. ती विमा कंपनीत दावे तपासायची, त्यामुळे माणूस पळवाट कुठून काढेल हे तिला आधीच दिसायचं.

“हसतायत ना? मग झालं,” वहिनी म्हणाली.

“हसतायत. पण बोलत का नाहीत?”

तीन रविवार हेच चाललं होतं. दाराला कान लावला तर हसू ऐकू यायचं, पाय आपटल्याचा आवाज यायचा, खुर्ची सरकायची. शब्द एकही नाही.

“हळू बोलत असतील.”

“सहा माणसं? तीन तास? वहिनी, आपल्या घरात दोघांना हळू बोलता येत नाही.”

“मग तुमचं म्हणणं काय?”

“मोबाइलवर काहीतरी बघतात आणि हसतात. आपला खेळ पडलाय कोपऱ्यात.”

वहिनीनं वहीतल्या रेघा पुन्हा मोजल्या. एखाद्या दाव्याच्या कागदात असं आलं असतं तर तिनंही हाच शेरा मारला असता.

दाराखालची उजेडाची पट्टी दोनदा मिटली, पुन्हा लागली.

“बघ. आता दिव्याचं बटण दाबत बसलेत,” दीर म्हणाला. “इतका रंगलाय खेळ.”

वहिनीनं पिशवीतून मागच्या रविवारच्या चिठ्ठ्या काढल्या. खेळ झाला की प्रत्येकानं आपलं मत लिहून डब्यात टाकायचं, अशी पद्धत होती. “मग हे कोणी लिहिलं? ‘मंत्र उशिरा लागला तेव्हा पोट दुखेपर्यंत हसलो.’”

“तू लिहिलंस.”

“मी?”

“किंवा दुकानवालीकडून लिहून घेतलंस. मला बरं वाटावं म्हणून.”

वहिनीनं चिठ्ठ्यांची घडी घातली. मग म्हणाली, “मला वाटत होतं तुम्ही लिहिता. मला बरं वाटावं म्हणून.”

दोघांनी एकमेकांना नीट न्याहाळलं. दोघांचाही चेहरा खोटं बोलणाऱ्याचा नव्हता, त्यामुळे गोंधळ वाढलाच.

“बरं, कौतुक सोड,” दीर म्हणाला. “तक्रारी तरी शहाण्या माणसाच्या आहेत का? सहाच्या सहा जणांनी लिहिलंय, गुहेत शिरलं की खोलीतला दिवा घालवायचा हा नियम काढून टाका, दिवा गेला की खेळ थांबतो. का थांबतो? अंधारात तर जास्त रंगायला हवा. आणि ही बघ. ‘पुस्तिका टेबलावर उभी राहील असं काहीतरी द्या, हात मोकळे नसतात.’ काय असतं यांच्या हातात?”

“खात असतील.”

“म्हणजे खायला येतात. तेही कळलं.”

वहिनीला हसू आलं, पण तिनं ते वहीत मांडलं नाही. आज हसण्याची वेळ नव्हती. दुकानवाली खेळ छापायला तयार होती. चाचणी संपली की कागदावर सही करायची होती. सही झाली तर दीर इथेच राहणार होता. नाहीतर वहिनीच्या नवऱ्यानं, दादानं, परगावी सिमेंटच्या गोदामात त्याच्यासाठी जागा धरून ठेवली होती. उद्याच रुजू व्हायचं. दादाला होकार किंवा नकार आज हवा होता.

दिरानं खिशातून फोन काढला. “दादाला कळवतो, येतोय म्हणून.”

“दोन वर्षं घातलीत यात. अजून अर्धा तास थांबा.”

“कशासाठी? कोणी खेळतच नाही, वहिनी. खोट्या चिठ्ठ्यांवर खेळ छापायचा आणि मग लोकांनी उघडून बघायचं की हे काय आहे? त्यापेक्षा गोदाम बरं. तिथे पोतं म्हणजे पोतं असतं.”

“अट मोडू नका.”

“अट खरोखर खेळणाऱ्यांसाठी होती. निदान काय बघतायत ते तरी बघू दे.”

त्यानं दारावर टकटक केलं. मग जरा जोरात. मग मूठ आपटली. आतून कोणी ‘कोण आहे’ एवढंही विचारलं नाही. आतल्यांनी आपल्याला इतकंही मोजू नये, याचा त्याला राग आला. वहिनी वही बंद करून उठेपर्यंत त्यानं कडी काढून दार उघडलं होतं.

आत कोणाचंच लक्ष दाराकडे गेलं नाही. मोबाइल कुठेच दिसत नव्हता. जादूगार झालेले एक आजोबा दहाही बोटं ताणून मंत्र सोडून बसले होते आणि तो लागू व्हायची वाट बघत होते. चोर झालेल्या मुलीला पार खांद्यापासून उचकी लागली, तशी गोष्ट सांगणारी बाई डोळे पुसत हसली आणि कोपरापासून पंजापर्यंत तिनं एक कंटाळलेला ड्रॅगन टेबलावर उभा केला. त्याला उत्तर द्यायला सगळे एकदमच सरसावले. तोंडातून शब्द कोणाच्याच निघत नव्हता. बारा हात खुणांच्या भाषेत एकमेकांचं बोलणं तोडत होते.